स्यूराची पाठमोरी मॉडेल: ठिपक्यांच्या आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कॉपीसाठी जॉर्ज स्यूरा या रंगांचे ठिपके शेजारीशेजारी टाकून रंगवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचं पाठमोऱ्या नग्न मॉडेलचं छोटं तैलचित्र मिळालं आहे. रंग जवळपास तेच वापरले, ठिपकेही सावकाश, एकेक करून टाकले. तरी पाठ पाठीसारखी न दिसता अंगावर देवी उठल्यासारखी दिसते. स्यूराची पाठ एवढी मऊ कशी? ज्याला रेखाटन इतकं उत्तम येत होतं, त्याने नग्नाकृतीच्या अभ्यासात ठिपक्यांचा खटाटोप का केला? आणि हे काम अ‍ॅक्रिलिकमध्ये केलं तर चालेल का?

तुझ्या कामाचा फोटो पाहिला. हात स्वच्छ आहे, ठिपके नेटके आहेत. अडचण एवढीच, की कोऱ्या कॅनव्हासवर पेन्सिलची बाह्यरेषा काढून तू थेट ठिपक्यांना हात घातलास. स्यूराकडे ठिपका सर्वांत शेवटी येतो. तो येईपर्यंत त्या पाठीवर उजेड कुठे आहे, कुठे वळतो, कुठे संपतो याचा निकाल लागलेला असतो. तुझ्या चित्रात तो निकाल लावायचं कामही ठिपक्यांवरच पडलं आहे आणि ते त्यांना झेपत नाही.

मोबाइलवर पाहताना या चित्राच्या आकाराचा अंदाज येत नाही, म्हणून आधी तो सांगतो. लाकडी फळीवरचं हे काम सुमारे साडेचोवीस सेंटीमीटर उंच आणि साडेपंधरा सेंटीमीटर रुंद आहे. शाळेची वही समोर उभी धरलीस तर साधारण तेवढंच. साल 1887. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि त्याच्या जोडीला तशाच आणखी दोन फळ्या आहेत: एकीवर समोरून उभी मॉडेल, दुसरीवर बाजूने बसलेली. या तिन्ही एके काळी फेलिक्स फेनेआँ या समीक्षकाच्या संग्रहात होत्या. स्यूरा आणि त्याच्या मित्रांच्या चित्रपद्धतीला 'नव-दृक्प्रत्ययवाद' (निओ-इम्प्रेशनिझम) हे नाव देणारा तो हाच.

हे अभ्यास ज्या मोठ्या चित्रासाठी केले, ते सुमारे 2 मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद आहे. 1886 ते 1888 या काळात केलेलं ते चित्र फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये आहे. स्यूराच्या स्टुडिओतला एक कोपरा, त्यात तीन मॉडेल, आजूबाजूला टाकलेले कपडे, टोप्या, छत्र्या. डावीकडे भिंतीशी त्याचंच 'ला ग्रांद जात' हे नदीकाठी फिरायला आलेल्या माणसांचं गाजलेलं चित्र अर्धवट दिसतं. त्या चित्राच्या पुढ्यात बसलेली पाठमोरी मॉडेल म्हणजे तुझ्या असाइनमेंटमधली बाई. तिघी निरनिराळ्या की एकाच मॉडेलच्या तीन पोझ, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला स्वतःला एकच वाटते, पण त्याने तुझ्या कॉपीत काही फरक पडत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या मागच्या चित्रातच आहे. 'ला ग्रांद जात' 1886 साली प्रदर्शित झालं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती: माणसं लाकडी आहेत, बाहुल्यांसारखी ताठ आहेत, ही पद्धत गवताला नि पाण्याला ठीक, जिवंत माणसाला नाही. स्यूराने वाद घालण्याऐवजी अवघडातला अवघड विषय उचलला. ऊन नाही, गवत नाही, पाण्यावरची चमक नाही. बंद खोलीतला मंद उजेड आणि उघडं अंग. कपड्याच्या घडीत चूक लपते, पाठीत लपत नाही. खांद्याच्या पात्यापासून कमरेपर्यंतचा उतार अर्ध्या टोनने, म्हणजे उजळ-गडदपणाच्या अर्ध्या पायरीने, जरी चुकला तरी मणक्यात काहीतरी बिनसल्यासारखं दिसतं, हे लाइफ क्लासला बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आता तो त्यासाठी किती तयार होता ते बघ. 1878 साली तो पॅरिसच्या एकोल दे बोझार्त या सरकारी कलाशाळेत दाखल झाला, हेन्री लेमानच्या वर्गात. लेमान हा अँग्र या रेषेसाठी नावाजलेल्या फ्रेंच चित्रकाराचा शिष्य. म्हणजे रेषेची शिस्त घराण्यातच. अँग्रची 1808 सालची सुप्रसिद्ध पाठमोरी स्नानस्त्री 1879 पासून लूव्रमध्ये आहे. ती आणि स्यूराची मॉडेल शेजारी ठेवून बघ, बसण्याची ढब पाहून नातं लगेच कळेल. पण कडा बघ. अँग्रची कड ही रेषा आहे, खांद्यावरून दंडावर न तुटता उतरणारी. स्यूराच्या फळीवर रेषा शोधायला गेलास तर सापडत नाही. तिथे फक्त दोन टोन एकमेकांना भिडतात.

हे तो ठिपक्यांमुळे शिकला नाही. ठिपक्यांच्या आधीची काही वर्षं तो काळ्या काँते क्रेयॉनने (कोळशासारखी, पण जरा कडक कांडी) रेखाटनं करत होता. मिशाले नावाचा खरबरीत, अंगात उंचसखल धाग्यांसारखी वीण असलेला कागद घ्यायचा आणि क्रेयॉन हलका फिरवायचा. कागदाच्या उंचवट्यांवर काळं लागतं, खाचा पांढऱ्या राहतात. दाब वाढवला की खाचाही भरतात. रेषा जवळजवळ नाहीच. दाट काळ्यापासून कोऱ्या कागदापर्यंत नुसते टोन. 1883 च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, त्याने दाखवलेलं एदमाँ आमाँ-जाँ या मित्राचं मोठं रेखाचित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नेटवर मोठं करून नीट पाहता येतं. त्यात काळ्या कणांमधून पांढरं डोकावतं आणि त्यातून गाल वळतो. पाठमोऱ्या मॉडेलमध्ये त्याने केलं ते एवढंच, की काळ्या-पांढऱ्या कणांच्या जागी रंगीत कण आणले. टोनची पट्टी तीच ठेवली.

म्हणून माझी पहिली अट: ब्रश बाजूला ठेव आणि ही पाठ आधी कोळशात कर. फळीच्या मापाचाच कागद घे. पाच टोनपेक्षा जास्त वापरायचे नाहीत. खोडरबरने रेषा साफ करत बसू नकोस, बोटाने पुसूनही घेऊ नकोस, कारण पुसलं की सगळं एकजीव धुरकट होतं आणि टोन कुठे बदलतो ते हरवतं. डोळे किलकिले करून बघ. पाठीचा सर्वांत उजळ भाग कुठे आहे? मणक्याची खाच खरंच तेवढी गडद आहे का, की ती मणक्याची खाच आहे हे माहीत असल्यामुळे तू गडद करतोस? वर्गात दहापैकी आठ जण ती खाच डांबरी रस्त्यावरच्या पट्ट्यासारखी ठळक ओढतात. स्यूराकडे ती जेमतेम जाणवते.

याच टप्प्यावर पाठीमागच्या भिंतीकडे बघायचं. तुझ्या कॉपीत भिंत सगळीकडे सारखी निळसर-करडी आहे. मूळ चित्रात ती सारखी नाही. अंग जिथे उजळ आहे तिथे त्याला लागून भिंत थोडी गडद होते. अंग जिथे सावलीत जातं तिथे तीच भिंत थोडी उजळते. ही स्यूराची जुनी खोड, काँतेच्या रेखाटनांपासूनची. त्यामागे शास्त्र आहे: कापडरंगाच्या कारखान्यात काम करणारा रसायनशास्त्रज्ञ मिशेल-युजेन शेव्ह्रल याने 1839 साली शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम मांडला, तो स्यूराने अभ्यासला होता. शेजारी गडद असलं की उजळ आणखी उजळ दिसतं. तोच नियम रंगालाही: केशरी त्वचेला खेटून असलेला तटस्थ करडा आपोआप निळसर भासतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला विरोधी रंगसंगती म्हणून घोकलेली जोडी इथे एका माणसाच्या खांद्यावर काम करताना दिसते. भिंतीचा हा चढउतार पकडलास तर बाह्यरेषेची गरजच उरत नाही, आणि तुझ्या कॉपीत पाठीभोवती उरलेली ती पेन्सिलची तार नाहीशी होईल.

आता ठिपके. पुस्तकांत एक वाक्य हमखास असतं: शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवले की लांबून ते डोळ्यात मिसळतात आणि पॅलेटवर मिसळलेल्या रंगापेक्षा जास्त तेजस्वी दिसतात. हे वाक्य विद्यार्थ्यांना फार महागात पडतं. हिशोब करून बघू. सामान्य नजरेला साधारण एक कलामिनिट (एका अंशाचा साठावा भाग) कोनापर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. म्हणजे 1 मीटरवरून सुमारे 0.3 मिलिमीटर. ठिपका दीड-दोन मिलिमीटरचा धरला तर तो शेजाऱ्यात पुरता विरघळायला पाच ते सात मीटर मागे जावं लागेल. तेवढ्या अंतरावरून साडेचोवीस सेंटीमीटरची फळी टपालाच्या तिकिटाएवढी दिसते! वहीच्या मापाचं चित्र कुणी एवढ्या लांबून बघत नाही. हातभर अंतरावरून बघतात आणि तिथून ठिपके दिसतच राहतात. पाठ एकाच वेळी पाठही दिसते आणि कणांची थरथरही दिसते. चित्राची जान त्या थरथरीत आहे. ठिपके पूर्ण मिसळले असते तर उरला असता साधा करडा.

तेजस्वीपणाचं म्हणशील तर, ठिपके डोळ्यात मिसळतात तेव्हा त्यांच्या उजेडाची सरासरी निघते, बेरीज होत नाही. केशरी आणि निळा खूप बारीक करून शेजारी टाकलेस तर हाती करडाच येणार. पॉल सिन्याक हा स्यूराचा अगदी जवळचा मित्र, ठिपक्यांचा कट्टर पुरस्कर्ता. त्यानेसुद्धा स्यूराच्या निधनानंतर काही वर्षांनी तीन मॉडेलचं ते मोठं चित्र पुन्हा पाहून डायरीत लिहिलं, की एवढ्या आकाराच्या मानाने ब्रशचे स्पर्श फार बारीक आहेत, त्यामुळे काम यांत्रिक वाटतं आणि एकूण चित्रावर करडेपणा येतो. मला सिन्याकचं म्हणणं पटतं. छोट्या फळ्यांवर तोच ठिपका आकृतीच्या मानाने मोठा ठरतो, कंबर दहा-पंधरा स्पर्शांत वळते, आणि म्हणून मला मोठ्या चित्रापेक्षा हे अभ्यासच जास्त जिवंत वाटतात.

मग तुझी पाठ खडबडीत का? फोटोचा एक तुकडा मी मोठा करून पाहिला, डाव्या खांद्याखालचा. तिथे फिकट गुलाबी त्वचेवर तू ट्यूबमधला अल्ट्रामरीन जसाच्या तसा टाकला आहेस, शेजारी क्रिमसन. हे दोन्ही रंग ट्यूबमधून निघताना जवळजवळ काळ्याएवढे गडद असतात. उजळ त्वचेवर असा ठिपका म्हणजे भोक. स्यूराचे ठिपके रंगाने एकमेकांपासून लांब असतात, पण टोनने जवळ. त्वचेच्या उजेडातला त्याचा निळा हा भरपूर पांढरा मिसळलेला निळा आहे. त्याची 'शुद्ध रंगां'ची पॅलेट म्हणजे पांढऱ्याशिवायची पॅलेट नव्हे. तो पांढरा सढळ हाताने वापरतो.

मी हे वर्गात असं करून घेतो. त्वचेच्या उजेडाचा मुख्य रंग पॅलेटवर तयार करायचा. मग त्याच टोनचे चार भाऊ तयार करायचे: एक केशरीकडे झुकलेला, एक गुलाबी, एक फिकट निळा, एक फिकट हिरवट. चौघांचे छोटे पॅच शेजारी लावायचे आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा. फोटोत चौघे वेगळे ओळखू आले तर टोन जुळलेला नाही. पांढरा किंवा मूळ रंग घालून दुरुस्त करायचं. फोटोत सगळे जवळपास एकाच करड्यात गेले की उजेडाचा संच तयार. मग हाफटोनचा, म्हणजे उजेड आणि सावली यांच्या मधल्या भागाचा, असाच वेगळा संच, सावलीचा वेगळा. उजेडाच्या संचातला ठिपका सावलीत न्यायचा नाही, सावलीतला उजेडात आणायचा नाही. सीमेवर दोघांची थोडी सरमिसळ चालेल. एवढं कंटाळवाणं काम केलं की ठिपके टाकताना डोकं मोकळं राहतं.

ठिपक्यांच्या खाली सपाट, पातळ थर हवा. कोळशाच्या रेखाटनात ठरवलेले पाच टोन आता स्थानिक रंगांत, म्हणजे त्वचा, भिंत, कापड यांच्या आपापल्या मूळ रंगांत, टर्पेंटाइनने पातळ करून लाव आणि वाळू दे. या थरातच पाठ दहा फुटांवरून पाठ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नकोस, वर हजार ठिपके टाकूनही ती दिसणार नाही. नंतरचे ठिपके हा थर पुरता झाकत नाहीत, मधून तो दिसत राहतो. म्हणून त्याचा रंग जरा उबदार, पिवळट-तांबूस ठेव.

ब्रश दोन किंवा तीन नंबरचा गोल. तू तो उभा धरून शिक्क्यासारखा टेकवला आहेस, म्हणून प्रत्येक ठिपका सारखा गोल आणि वर टोक आलेला दिसतो. तिरप्या उजेडात त्या टोकांच्या सावल्या पडतात, आणि देवीच्या व्रणांची अर्धी कथा तिथेच आहे. स्यूराच्या फळीवर सगळे स्पर्श गोल नाहीत. भिंतीवर ते आडवेतिडवे विणल्यासारखे आहेत. अंगावर बारीक, किंचित लांबट, आणि अंग जसं वळतं तसे वळतात. ब्रश आडवा धर, रंग थोडा पातळ ठेव, आणि दंडाच्या गोलाईवर हात त्या गोलाईबरोबर फिरू दे.

कमरेखालच्या पांढऱ्या कापडाला तू फारसा वेळ दिलेला नाहीस. ते सुटं करून बघ, कारण वर्गात मॉडेलच्या खाली अंथरलेल्या चादरीवर मी हाच प्रकार नेहमी दाखवतो. पांढरी चादर, पण मांडीला लागून असलेल्या घडीत त्वचेचा उबदार रंग उतरलेला असतो आणि चार बोटं पलीकडे तीच चादर निळसर थंड होते. कॉपीत कापड नुसतं पांढरं-करडं ठेवलंस की मॉडेल हवेत बसल्यासारखी वाटते. तिचा भार त्या कापडातल्या उबदार ठिपक्यांनी खाली टेकतो.

आपल्या मॉडेलवर ही पद्धत वापरायची तर एक भान ठेवावं लागतं. मुंबईत कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 च्या सुमारास, जे. जे. कलाशाळेत नग्न मॉडेलवरून अभ्यासाचे वर्ग सुरू झाले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची एक तक्रार कायम आहे: पुस्तकातली त्वचा गुलाबी, समोरची सावळी. सावळ्या त्वचेत टोनची पट्टी खाली सरकते आणि खिडकीच्या उजेडाची चमक आजूबाजूच्या त्वचेच्या मानाने जास्त उठून, जास्त थंड दिसते. तिथे फिकट निळा ठिपका स्यूराच्या गुलाबी पाठीपेक्षाही खरा वाटतो. कॉपी झाल्यावर हाच प्रयोग वर्गातल्या मॉडेलवर करून बघ. खरी मजा तिथे आहे.

घरी कुणी विचारलं, की कॉपीला हेच चित्र का, तर स्यूराचंच एक पत्र सांगण्यासारखं आहे. 1889 साली ब्रसेल्समध्ये चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या ऑक्ताव्ह मोसला तीन मॉडेलच्या मोठ्या चित्राची किंमत कळवताना त्याने हिशोब मांडला: वर्षभराचा खर्च, दिवसाला 7 फ्रँक. चित्रातही तसंच: ना देवी, ना अप्सरा, ना पुराणातला प्रसंग. मॉडेल कामावर येते, पोझ देते, मोजे चढवते, घरी जाते, चित्रकारही रोजावर. त्या पाठीत जी शांतता आहे ती बरीचशी या व्यवहारातून आली आहे, असं मला वाटतं.

आता अ‍ॅक्रिलिक. चालेल, आणि मुदत जवळ असेल तर तेच घे. पावसाळ्याच्या दमट हवेत तैलरंगाचा पांढरा घातलेला थर लवकर वाळत नाही आणि ओल्यावर ठिपका टाकला की खालचा रंग उचलला जातो. अ‍ॅक्रिलिकची एकच गोम आहे. त्यातला बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) ओला असताना दुधट असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळताना एक पायरी गडद होतो. टोन जुळवण्यावरच सगळी मदार असलेल्या कामात हा फरक नडतो. त्यामुळे मघाशी सांगितलेले चार भाऊ ओले असताना फोटो काढू नकोस. कागदाच्या पट्टीवर लाव, पंख्याखाली पूर्ण वाळू दे, मगच जुळवून बघ आणि हवा तेवढा पांढरा वाढव. जुळलेला रंग झाकणाच्या डबीत थोडा जास्तच करून ठेव, कारण दुसऱ्या दिवशी तोच टोन पुन्हा करायला बसलास तर सकाळ त्यातच जाते.